नखं खाण्याची जुनी सवय आणि नेल पार्लर : पहिल्या तयारीपासून शेवटच्या रिमूव्हलपर्यंत

तिशी-चाळिशी गाठली तरी नखं खाणं सुटलेलं नाही, अशी माणसं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. ती सहसा ओळखू येत नाहीत, कारण हात लपवणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. फोटोत मूठ वळलेली असते, हळदीकुंकवाला वाण घेतलं की हात लगेच पदराखाली जातात, सही करताना अंगठा आत दुमडलेला असतो. लहानपणी कारल्याचा रस लावून झालेला असतो, कडुनिंबाचा पाला चोळून झालेला असतो, ‘तोंडातून हात काढ’ हे घरातल्या प्रत्येकाकडून ऐकून झालेलं असतं. हा लेख अशा मोठ्या माणसांसाठी आहे, ज्यांना आता नेल पार्लरची मदत घेऊन बघायची आहे पण आत जायलाच संकोच वाटतो, किंवा तिथे नेमकं काय मागायचं हे कळत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. जेल किंवा ॲक्रिलिक लावल्याने सवय आपोआप जात नाही. त्यामुळे मिळते ती सवड. दात लागणार नाहीत असं गुळगुळीत, जाड कवच नखावर बसतं आणि त्याखाली तुमचं स्वतःचं नख निवांत वाढतं. या सवडीत हाताला दुसरं काही शिकवलं, तर जेल उतरल्यावरही नखं टिकतात. काहीच शिकवलं नाही तर जेल निघालं की आठवड्याभरात सगळं पूर्वपदावर येतं. म्हणून पार्लरमधलं काम आणि घरचा सराव या दोन्ही गोष्टी इथे बरोबरीने येणार आहेत.

आधी सवय कशी चालते ते पाहा

नखं खाणाऱ्याचं बोट तोंडात जाण्याआधी बहुतेक वेळा एक छोटी गोष्ट घडलेली असते. अंगठ्याने किंवा शेजारच्या बोटाने नखाची कड चाचपलेली असते. कुठे टोक लागलं, कुठे कातडीचा कोपरा वर आलेला सापडला, की ते ‘नीट करायला’ दात येतात. दातांनी तोडलेली कड कधीच सरळ येत नाही, म्हणून नवीन टोक तयार होतं आणि पुन्हा चाचपणी सुरू होते. कंटाळा, ताण, परीक्षा, भारत-पाकिस्तान सामन्याची शेवटची षटकं ही सगळी निमित्तं खरी आहेत, पण हाताला खेचून घेते ती खडबडीत कड. जेलचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे. चाचपायला गेलं तर टोक सापडतच नाही.

वैद्यकीय भाषेत या सवयीला ओनिकोफेजिया म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या वर्गीकरणात ती शरीराशी निगडित पुनःपुन्हा होणाऱ्या कृतींमध्ये, केस उपटणं आणि त्वचा खरवडणं यांच्या शेजारी येते. म्हणजे हा आळस, हट्ट किंवा ‘मनावर घेत नाही’ यातला प्रकार नाही. तुम्हाला वर्षानुवर्षं जे ऐकवलं गेलं ते बाजूला ठेवा.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं नख यायला चार ते सहा महिने लागतात. तुमचा सगळा कार्यक्रम या आकड्यावर बेतायचा आहे. लग्न ठरलंय आणि साखरपुड्याच्या अंगठीचा फोटो चांगला यावा असं वाटत असेल, तर आदल्या आठवड्यात पार्लर गाठण्यापेक्षा पाच महिने आधी सुरुवात करा.

कडू नेलपॉलिशबद्दल विचारलं जातंच. त्यात डेनाटोनियम बेन्झोएट नावाचं अत्यंत कडू रसायन असतं. ते १९५८ साली स्कॉटलंडमध्ये सापडलं. काहींना त्याचा उपयोग होतो. पण आपण हाताने जेवतो. वरणभात कालवताना तो कडूपणा घासात उतरतो, मग माणूस जेवणाआधी ते घासून काढतो आणि पुन्हा लावायचं विसरतो. मला तो उपाय आपल्या जेवणाच्या पद्धतीत फारसा टिकणारा वाटत नाही. बोटांना मिरची लावण्याचा घरगुती प्रकार तर करूच नका, तेच बोट डोळ्याला लागतं.

पायरी पहिली : बोटं बरी होऊ द्या

पार्लरची वेळ घेण्याआधी दोन आठवडे हातात ठेवा. ही पायरी गाळायचा मोह होतो, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे.

जेल, ॲक्रिलिक या सगळ्यांत मेथॅक्रिलेट किंवा ॲक्रिलेट वर्गातली रसायनं असतात. ती नीट सुकून कडक झाली की त्रास देत नाहीत. ओली असताना ती त्वचेला लागली, तर काहींना ॲलर्जी जडते, आणि एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. प्रश्न फक्त नखांपुरता राहत नाही. दातांत भरायचं सिमेंट, सांधा बदलताना वापरायचं सिमेंट, मधुमेहींच्या दंडावर लावायचे सेन्सर यांतही याच कुळातली रसायनं असू शकतात. नखं खाणाऱ्याच्या बोटांभोवतीची कातडी सोललेली, सुजलेली, कुठे कुठे उघडी असते, म्हणजे रसायन आत शिरायला वाट मोकळीच. बरी झालेली त्वचा हेच तुमचं पहिलं संरक्षण आहे.

या दोन आठवड्यांत एवढं करा :

रात्री झोपताना नखांच्या मुळाशी आणि कडेच्या कातडीला खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली चोळा. महागडं क्युटिकल ऑइल नसलं तरी चालतं. दिवसातून तीन-चार वेळा लावलं तर आणखी बरं. मऊ कातडीचे कोपरे वर येत नाहीत, म्हणून तोडायलाही काही उरत नाही.

खिशात, पर्समध्ये, ऑफिसच्या खणात आणि उशीशेजारी एकेक बारीक दाण्याची नेल फाइल ठेवा. टोक लागलं की दातांऐवजी फाइल. धातूच्या फाइलने बिचाऱ्या पातळ नखाला चिरा जातात, साधी कागदी किंवा काचेची घ्या.

ज्या एक-दोन बोटांवर तुमचा सगळ्यात जास्त राग निघतो (बहुतेकांचे अंगठे असतात), त्यांना दिवसा औषधाची चिकटपट्टी लावून ठेवा. रात्री काढा, म्हणजे त्वचा ओली राहून फुगणार नाही.

नखाच्या कडेला सूज, ठणका, पू दिसला तर ते नखुरडं आहे. ते स्वतः फोडू नका आणि त्यावर काहीही लावून घ्यायला जाऊ नका. डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर किरकोळ वाटणारं नखुरडंही लगेच दाखवायचं. नखाभोवती चामखीळ असेल तर तीही आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे. चावण्याने ती एका बोटावरून दुसऱ्यावर आणि ओठांवरही पसरते.

पायरी दुसरी : काय करून घ्यायचं ते ठरवा

पार्लरच्या दरपत्रकावर वीस-पंचवीस नावं असतात. तुमच्या कामाची त्यातली थोडीच.

साधं मॅनिक्युअर म्हणजे नखं घासून आकार, कातडीची निगा, मालिश आणि हवं तर साधं पॉलिश. ज्यांची नखं अर्धवट तरी शिल्लक आहेत आणि सवय मध्यम आहे, त्यांनी दर दहा दिवसांनी एवढंच केलं तरी फरक पडतो. रसायनांचा प्रश्नही जवळजवळ येत नाही. पुरुषांना सुरुवात करायला हा उत्तम मार्ग आहे.

जेल पॉलिश हे पॉलिशसारखंच ब्रशने लावतात आणि यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली कडक करतात. थर पातळ असतो. नेहमीच्या नखांवर दोन-तीन आठवडे टिकतं, पण खाल्लेल्या नखांवर लवकर निघतं, कारण ती नखं लाळेने सतत भिजून मऊ झालेली असतात आणि वाकतात. नख वाकतं, वरचा थर वाकत नाही, मग कड सुटते.

बिल्डर जेलचा ओव्हरले म्हणजे तुमच्याच नखावर जाडसर, मध्यभागी किंचित उंचवटा असलेला थर. नख वाढवायचं नाही, फक्त झाकायचं आणि बळकट करायचं. नखं खाणाऱ्या बहुतेकांनी हेच मागावं असं माझं ठाम मत आहे. दात लावला तरी सहजी तुटत नाही, कड गोल आणि गुळगुळीत राहते, आणि पुढे नख वाढलं की त्याच थराची नुसती भर घालत जाता येते. विचारताना एक प्रश्न नक्की विचारा : हे सोक-ऑफ आहे का, म्हणजे ॲसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायच्या द्रवात) भिजवून काढता येतं का? काही कडक जेल ॲसिटोनमध्ये विरघळतच नाहीत, ती मशीनने घासूनच काढावी लागतात. पातळ नखांवर ते नको.

ॲक्रिलिक म्हणजे पावडर आणि द्रव मिसळून केलेला लगदा. तो दिव्याशिवाय हवेतच कडक होतो. त्याचा उगम दातांच्या दवाखान्यातला आहे. फिलाडेल्फियाचे दंतवैद्य फ्रेड स्लॅक यांनी १९५४ मध्ये स्वतःचं तुटलेलं नख दातांच्या ॲक्रिलिकने दुरुस्त केलं, तिथून हा प्रकार सुरू झाला असं सांगतात. अतिशय मजबूत. ज्यांची नखं निम्म्याहून अधिक गेलेली आहेत, त्यांच्यासाठी कुशल कारागीर ॲक्रिलिकने छोटी कड उभी करू शकतात. पण वास तीव्र असतो आणि काढताना मेहनत जास्त.

टिप्स आणि लांब एक्स्टेन्शन : पहिले तीन महिने नाही म्हणा. मोह होतो हे मान्य, आयुष्यात पहिल्यांदा लांब नखं दिसणार असतात. पण नखाचा चिकटायला मिळणारा भाग तुमच्याकडे आखूड आहे. त्यावर लांब टोक लावलं की ते दाराच्या कडीत अडकलं किंवा डब्याचं झाकण उघडताना लागलं, तर सगळा जोर खालच्या कोवळ्या नखावर येतो आणि नखच बोटापासून सुटतं. शिवाय लांब नखांनी पोळीचा तुकडा मोडणं, मोबाइलवर टाइप करणं, मुलांचे कपडे बदलणं जड जातं, आणि कंटाळून माणूस सगळंच उपटून टाकतो. बोटाच्या टोकापुढे एक ते दोन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही.

घरी चिकटवायची प्रेस-ऑन नखं एखाद्या कार्यक्रमापुरती ठीक. सवय सोडवायला त्यांचा उपयोग कमी, कारण ती दातांनी उचकटून काढता येतात. आणि ऑनलाइन मिळणारे घरगुती जेल किट सुरुवातीच्या काळात नकोच. स्वतःच्या उजव्या हातावर डाव्या हाताने जेल लावताना ते कातडीवर जाणारच.

पायरी तिसरी : पार्लर निवडा आणि आधी बोला

एखाद्या निवांत दुपारी नुसतं विचारायला जा. दुसऱ्या कुणाचं काम चालू असेल ते दहा मिनिटं पाहता आलं तर त्यातूनच बरंच कळतं. धातूची हत्यारं प्रत्येक गिऱ्हाइकानंतर निर्जंतुक होतात का? फाइल आणि बफर नवे काढतात की तेच सगळ्यांना? जेल कातडीवर सांडलं तर दिव्याखाली हात घालण्याआधी पुसतात का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांनी पाहून मिळवा. मशीन चालवताना समोरची बाई हात मागे खेचत असेल आणि काम तसंच चालू राहत असेल, तर तिथून निघा.

आणखी दोन गोष्टी तपासायच्या. ॲक्रिलिकच्या द्रवात एमएमए (मिथाइल मेथॅक्रिलेट) नको. नखांसाठी ते फार कडक आणि त्रासदायक ठरतं, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७० च्या दशकातच निव्वळ एमएमएच्या नखांवर कारवाई केली होती. चांगल्या ठिकाणी त्याऐवजी ईएमए (इथाइल मेथॅक्रिलेट) वापरतात. जेलच्या बाटलीवर टीपीओ आणि हेमा आहे का ते विचारा. टीपीओ हा दिव्याखाली जेल कडक होण्यासाठीचा घटक, त्यावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे. हेमा हे ॲलर्जीच्या बाबतीत कुप्रसिद्ध रसायन. दोन्ही नसलेली उत्पादनं बाजारात मिळतात. हा प्रश्न विचारल्यावर जी मुलगी बाटली हातात देऊन दाखवते, तिच्याकडे काम करून घ्यावं.

दर शहरागणिक आणि गल्लीगणिक बदलतात. पण रिमूव्हलचे पैसे वेगळे आहेत का, आणि आठवड्यात एखादं नख निघालं तर ते फुकट बसवून देतात का, हे दोन्ही आधी विचारा. नखं खाणाऱ्याला दोन्हींची गरज पडते.

आता संकोचाचं. हात पुढे करून सरळ सांगायचं : ‘ताई, मी लहानपणापासून नखं खाते. मला लांब नखं नकोत, माझीच नखं वाढवायची आहेत. ओव्हरले होईल का, आणि सुरुवातीला मला लवकर लवकर बोलवाल का?’ नेल आर्टिस्टसाठी हे नेहमीचं गिऱ्हाईक आहे. कुणी हात पाहून नाक मुरडलं किंवा सगळ्यांसमोर शेरा मारला, तर ते ठिकाण तुमच्यासाठी नाही. पुढचे पाच महिने ज्या व्यक्तीसमोर दर पंधरवड्याला हात ठेवायचा आहे, ती माया असलेली हवी. ती व्यक्ती तुमची नखं पाहणार आहे, कुठलं बोट जास्त खाल्लं ते ओळखणार आहे, वाढ झाली तर तिलाही आनंद होणार आहे. या नात्याचा सवय सुटायला किती हातभार लागतो, ते दरपत्रकावर लिहिलेलं नसतं.

पुरुष वाचकांनो, बिल्डर जेल पारदर्शक मिळतं आणि त्यावर मॅट टॉप कोट घेतला तर हात अगदी नैसर्गिक दिसतो. तसं स्पष्ट सांगा. काही पार्लर फक्त महिलांसाठी असतात, म्हणून फोन करून जा.

पायरी चौथी : पहिल्या दिवशी खुर्चीत

घरून निघताना हाताच्या पाठीला आणि बोटांना एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचं सनस्क्रीन लावा, किंवा बोटांची टोकं कापलेले हातमोजे न्या. दिव्यातून यूव्ही-ए किरण येतात, आणि अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांची अकादमी हाच सल्ला देते. मात्र नखावर तेल किंवा क्रीम राहिलेलं चालत नाही, जेल धरत नाही. त्या दिवशी सकाळपासून नखांना तेल नको.

आधी नखं कोरडी घासून आकार देतील. मग मुळाशी चिकटलेली पातळ मृत कातडी पुशरने मागे सारतील. इथे ठाम राहा : कातडी कापायची नाही, फक्त सुटलेले कोपरे निपरने काढायचे. ती कातडी नखाच्या मुळाला सील लावल्यासारखी असते, ती कापली की जंतूंना रस्ता मिळतो. त्यानंतर नखाची चकाकी जाईल एवढंच हलकं बफिंग. पातळ नखावर मशीन लावणार असतील तर अगदी कमी वेगाने, आणि जळजळ झाली की लगेच ‘थांबा’ म्हणायचं. जास्त घासलं गेलेल्या नखावर लालसर चंद्रकोर उमटते, ती दिसली तर पुढच्या वेळी जागा बदला.

मग डिहायड्रेटर (नख कोरडं करणारा द्रव), प्रायमर (थर पक्का धरावा म्हणून लावायचा द्रव), बेस कोट आणि बिल्डरचा थर. दिव्याखाली हात घातल्यावर काही सेकंदांत चटका बसू शकतो. जेल कडक होताना उष्णता सोडतं, थर जाड असेल आणि नख पातळ असेल तर ती जास्त जाणवते. तुमची नखं पातळच आहेत, तेव्हा आधीच सांगा की थर पातळ पातळ दोनदा द्या. चटका बसला तर हात बाहेर काढा, काही क्षण थांबा, परत घाला. सहन करत बसणं हा शूरपणा इथे नको.

ज्यांचं बोट नखाच्या पुढे फुगून आलेलं आहे (वर्षानुवर्षं खाल्ल्यावर असं होतं), त्यांच्या नखाखाली कागदी फॉर्म (नखाची कड पुढे वाढवताना खाली धरायचा साचा) बसत नाही. अशा वेळी अनुभवी हात आधी नखाच्या कडेवर जेलचा छोटा ओठ तयार करतो, तो कडक झाला की त्याखाली फॉर्म सरकवतो. हे काम वेळखाऊ आहे. पहिल्या भेटीला दोन तास मोकळे ठेवा.

उठण्याआधी डोळे मिटून प्रत्येक बोटाची कड दुसऱ्या बोटाने चाचपा, अगदी घरी चाचपता तशीच. कुठेही टोक, खाच, पायरी लागली तर तिथल्या तिथे घासून घ्या. तुमच्यासाठी रंगापेक्षा हे शंभरपटीने महत्त्वाचं आहे.

पायरी पाचवी : घरचे पहिले आठवडे

पहिल्या दोन-तीन दिवसांत नखं परकी वाटतात. दात त्यांच्यावर टकटक करून परत येतात. मग एक नवी गोष्ट सुरू होते, तिच्याकडे लक्ष ठेवा : खाणं थांबतं आणि उचकटणं सुरू होतं. जेलची कड कुठे किंचित सुटली की बोट तिथे जातं आणि सोलून काढावंसं वाटतं. सोललेल्या जेलबरोबर तुमच्या नखाचा वरचा थरही निघतो, आणि आधीच पातळ असलेलं नख कागदासारखं होतं. कड सुटली तर फाइलने समतल करा, चिकटपट्टी लावा आणि पार्लरला फोन करा. सुटलेल्या फटीत पाणी साचलं तर तिथे जंतू वाढून नख हिरवट दिसू लागतं. त्यावर नवा थर चढवू देऊ नका. जेल पूर्ण काढून डॉक्टरांना दाखवा.

स्वयंपाकघरातले प्रश्न आपले खास आहेत. हळदीने फिकट रंगाचं जेल पिवळं पडतं, म्हणून पहिला रंग गडद किंवा मातकट घ्या. भांडी घासताना रबरी हातमोजे घाला, गरम पाणी आणि साबण जेलचे मोठे शत्रू. कणीक मळली तर नखाखालचा भाग मऊ ब्रशने धुवा, नाहीतर तिथे पीठ वाळतं आणि ते काढायला हात पुन्हा तोंडाकडे जातो. ॲक्रिलिक नखं आगीच्या फार जवळ नेऊ नका. आणि ॲसिटोनची बाटली पेटत्या गॅसजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ कधीच उघडू नका, त्याची वाफ भक्कन पेट घेते.

आता हाताला शिकवायचं काम. नाथन ॲझ्रिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये सवय उलटवण्याची एक पद्धत मांडली, ती आजही सगळ्यात जास्त वापरली जाते. तिचे दोन भाग घरी करता येतात. पहिला : हात तोंडाकडे कधी निघतो ते पकडायचं. आठवडाभर मोबाइलमध्ये नुसतं लिहून ठेवा, कुठे, काय करत असताना, कुठलं बोट. ‘सिग्नलला थांबलो असताना’, ‘साहेबांचा मेल वाचताना’, ‘मालिका बघताना’ असं काहीतरी निघेल, आणि बहुतेकांच्या बाबतीत जागा तीन-चारच निघतात. दुसरा : हात निघाला की त्याला दुसरं, तोंडात जाणं अशक्य करणारं काम द्यायचं. मूठ हलकी आवळून मिनिटभर धरायची, किंवा हातातली वस्तू पकडून ठेवायची. गाडीत स्टिअरिंग, बसमध्ये बॅगेचा पट्टा, मीटिंगमध्ये पेन. कुणाच्या लक्षातही येत नाही.

मूठ आवळणं जमत नसेल तर आणखी सौम्य प्रकार आहे. हॅम्बुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या संशोधकांनी नखं खाणं, केस उपटणं, त्वचा खरवडणं अशा सवयी असलेल्या २६८ जणांवर सहा आठवडे एक प्रयोग केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बोटांची टोकं, तळहात किंवा दंड हळुवार चोळायचा, दिवसातून निदान दोनदा. हे करणाऱ्यांपैकी सुमारे ५३ टक्के लोकांना सुधारणा जाणवली. केवळ प्रतीक्षा यादीत ठेवलेल्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के होतं, आणि नखं खाणाऱ्यांना याचा जास्त फायदा झाला. जेल लावलेल्या नखांवरून अंगठा हळू फिरवणं हा या सरावाचाच एक भाग होऊ शकतो. हाताला चाचपायची सवय आहेच, ती तशीच ठेवून फक्त शेवट बदलायचा.

घरच्यांना एकच विनंती करा. ‘खाऊ नकोस’ असं ओरडू नका, आधी ठरवलेली खूण करा. खांद्याला हलका स्पर्श पुरतो.

पायरी सहावी : रिफिलचं वेळापत्रक

इतरांना तीन आठवड्यांनी बोलावतात, तुम्ही पहिल्यांदा दहा-बारा दिवसांनी जा. दोन आठवड्यांत नख दीड मिलिमीटर पुढे सरकतं, मुळाशी जेल आणि नख यांच्यात पायरी तयार होते, आणि अशी पायरी बोटाला बरोबर सापडते. दुसऱ्या महिन्यापासून दोन आठवडे, तिसऱ्यापासून तीन. खर्च वाढतो हे खरं, म्हणून नक्षी, खडे, क्रोम यांवरचे पैसे वाचवा आणि ते भेटींवर घाला. एकाच रंगाचा साधा ओव्हरले पुरेसा आहे.

दर भेटीला जुना थर पूर्ण काढायची गरज नसते. सुटलेला भाग घासून भर घालतात. पूर्ण काढायचा असेल तर वरचा थर घासून, ॲसिटोनचा कापूस आणि फॉइल दहा-पंधरा मिनिटं बांधून, मऊ झालेलं जेल लाकडी काडीने हलकेच सारायचं. जोर लावावा लागत असेल तर आणखी पाच मिनिटं बांधा.

बोटांवर खाज, लाली, बारीक फोड, नखाभोवतीची कातडी फाटणं, किंवा पापण्या आणि मानेवर पुरळ असं काही दिसलं, तर ती ॲलर्जी असू शकते. ब्रँड बदलून बघू नका. सगळं काढून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि कोणतं जेल लावलं होतं त्याचा फोटो सोबत न्या.

ज्यांनी हा मार्ग घेऊ नये

लहान मुलांना जेल-ॲक्रिलिक नको. त्यांच्यासाठी नखं आखूड घासलेली ठेवणं आणि हाताला काम देणं एवढंच. परिचारिका, डॉक्टर, रुग्णांची थेट सेवा करणारे यांनीही कृत्रिम नखं टाळायची, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हस्त-स्वच्छता मार्गदर्शनात ती नकोत असंच म्हटलं आहे. त्यांच्यासाठी नियमित साधं मॅनिक्युअर. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारा. बोटाला लावायच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रासाठी जेल काढायला सांगतात.

बोटं रक्ताळेपर्यंत खाल्ली जात असतील, किंवा नखांबरोबर केस उपटणं, त्वचा खरवडणंही चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत पार्लरच्या आधी घ्या. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं.

पायरी सातवी : जेलवरून उतरणं

चार-सहा महिन्यांनी, खालचं नख पूर्ण तुमचं झाल्यावर, सगळं एकदम काढू नका. आधी बिल्डर सोडून जेल पॉलिशवर या. महिन्याभराने फक्त दोन बोटं उघडी ठेवा, सगळ्यात कमी खाल्लेली, म्हणजे बहुधा करंगळ्या. ती टिकली की आणखी दोन. अंगठे शेवटी. उघड्या नखांना साधं पॉलिश, दर दोन-तीन दिवसांनी फाइल आणि रात्रीचं तेल चालू ठेवा. जेल निघाल्यावर पहिले काही आठवडे नखं पातळ आणि वाकणारी वाटतात, तेव्हा ती आखूडच ठेवायची. लांब वाढवण्याचा आग्रह नको.

एखाद्या वाईट आठवड्यात दोन नखं पुन्हा खाल्ली जातील. बहुतेकांच्या बाबतीत होतं. बाकीची आठ शाबूत आहेत ना ते बघा, त्या दोन बोटांवर पट्टी लावा, आणि पार्लरला फोन करून फक्त त्या दोन बोटांचा ओव्हरले मागा. दहाही करायची गरज नसते, आणि ती ताई बहुधा तुम्हाला त्याच संध्याकाळी वेळ देईल.